ठोकळ्यांखालचे चौकोन

आमच्या गोदीत माझ्या साडूला सगळे ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेली लोखंडी गोळी, भिंत सरळ आहे की नाही ते बघायची. ही गोळी त्याच्या खिशात कायम असते. कामावर असते हे मी समजू शकतो. पण माणूस सासुरवाडीला चहाला आला तरी खिशात ओळंबा घेऊन येतो, याला मी शिष्टपणा म्हणतो. माझ्याशिवाय दुसरं कोणी म्हणत नाही, हा भाग वेगळा.

त्याच्याबद्दल मी चार गोड शब्द लिहीन अशी आशा कोणी धरू नये. घडलं ते मात्र घडलं तसंच लिहिणार आहे.

सासऱ्यांच्या मागच्या खोलीचं दार अकरा वर्षं अडकत होतं. मी थोरला जावई. अकरा वर्षं मी ते खांद्यानं ढकलून उघडायचो, ढकलताना काहीतरी विनोद करायचो आणि सगळे हसायचे. धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि हा दुसऱ्यांदाच घरी आला. दारापाशी उभा राहिला, खिशातून दोरी काढून लावून पाहिली, बिजागरीखाली एक पातळ फळकुट सरकवलं आणि एका बोटानं दार ढकललं. दार उघडलं. सासरे त्या दिवशी वीसेक वेळा तरी ते उघडून बंद करत होते. तेव्हापासून त्या घरात नळ गळो, नातवाला शाळेत घालायचं असो, नाहीतर खिडकीला कोणता रंग द्यायचा ते ठरवायचं असो, ओळंब्याला विचारतात. मला विचारतात, चहात साखर पुरेशी आहे ना.

आणि त्याला गोदीत आणला कोणी? मी. तो तेव्हा कपाटं बनवायचा. त्याचं दुकान बसलं, मेहुणी माझ्या बायकोकडे येऊन रडली, आणि बायको काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढे मी हात टेकले आणि मालकांकडे शब्द टाकला.

आमचे मालक सरकारी जहाजांच्या दुरुस्तीची कंत्राटं घेतात आणि मी त्यांची टेंडरं भरतो. बाहेरच्या माणसाला हे नुसतं कागद खरडणं वाटतं. सरकार एका जहाजासाठी तीनशे पानं पाठवतं. काय खरवडायचं, काय उघडून पाहायचं, आणि उघडून पाहिल्यावर लेखी परवानगीशिवाय कशाला हात लावायचा नाही, सगळं त्यात असतं. एक परिशिष्ट जोडायचं राहिलं की टेंडर बाद. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही परिशिष्ट राहिलेलं नाही. सासऱ्यांना मी हे तीनदा समजावून सांगितलं आहे. तिन्ही वेळा ते म्हणाले, वा.

ओळंब्याचं काम मात्र त्यांना एकदाच सांगितलं आणि कळलं, कारण ते डोळ्यांना दिसतं. सुकी गोदी म्हणजे समुद्राकडे दरवाजा असलेला एक प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा आणि पाणी उपसायचं. पाणी उतरतं तसं जहाज खाली येतं आणि तळाशी आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर बसतं. ठोकळे खालून सिमेंटचे, वरून लाकडाचे, कमरेपेक्षा उंच. ते वाकडेतिकडे लागले तर हजार टनांचं जहाज कलतं. ओळंबा आला तेव्हा लाकडं उचलायचा. चार वर्षांत ठोकळे मांडायचं काम त्याच्याकडे आलं, आणि त्यानंतर आमच्या गोदीत एकही जहाज कललं नाही. टेंडरापूर्वीच्या बैठकीला सरकारचे जुने मुख्य इंजिनिअर यायचे. मी तीनशे पानांची फाइल छातीशी धरून उभा असायचो, आणि त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ठोकळे ओळंबाच लावणार ना? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी मी हसून हो म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या कंत्राटाचं मोठं टेंडर निघालं. त्यात एक नवा रकाना होता. गोदीत जहाज बसवण्याची जबाबदारी कोणाची, त्या माणसाचं नाव आणि त्याच्या अनुभवाचं एक पान. खाली अट होती. पदविका असेल तर पाच वर्षांचा अनुभव, नसेल तर पंधरा वर्षांचा. ओळंब्याची चौदा भरत होती. नियम मी केलेला नव्हता. पण ते पान मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

माझ्याकडे पदविका होती. गोदीच्या काठावर उभं राहून कागद लिहिण्याची अठरा वर्षंही होती, ती मी गोदीतला अनुभव म्हणून लिहिली. मालकांनी कान खाजवला. त्यांनी ओळंब्याला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. वाद घालेल, निदान तोंड पाडेल, अशी माझी अपेक्षा होती, खरं सांगायचं तर इच्छाच होती. तो म्हणाला, "साडूभाऊंचंच नाव घाला. मी खाली असतोच की."

ते 'असतोच की' मला रात्रंदिवस टोचत राहिलं. कंत्राट आम्हाला मिळालं. रकान्यात माझं नाव होतं, आणि माझी एकच इच्छा होती. पहिलं जहाज मी बसवावं, तो नसताना बसवावं, आणि एकदा तरी लोकांनी म्हणावं की त्याच्यावाचून काही अडत नाही.

पहिलं आलं ते किनाऱ्यावर गस्त घालणारं जुनं जहाज, चाळीस खलाशांचं. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जिथे ठोकळा टेकतो तेवढ्या चौकोनात जहाजाच्या तळाला रंग लावता येत नाही आणि तिथला पत्राही तपासता येत नाही. म्हणून सरकारी नकाशात ठोकळ्यांच्या दोन मांडण्या असतात. एका खेपेला पहिली, पुढच्या खेपेला दुसरी. मागच्या वेळी झाकलेलं या वेळी उघडं पडतं. मी त्या जहाजाचा तीन वर्षांपूर्वीचा, माझ्याच हातचा अहवाल काढला. त्यात पहिली मांडणी लिहिलेली होती. म्हणून मी या वेळी दुसरी मांडणी ठरवली आणि खाली झोकात सही केली.

ओळंब्याला मी खाडीपलीकडच्या वखारीत पाठवलं, नव्या ठोकळ्यांसाठी लाकूड निवडायला. दोन दिवसांचं काम होतं. दुसरा कोणीही गेला असता तरी चाललं असतं. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं, पिशवी उचलली आणि गेला. ठोकळे त्याच्याच माणसांनी मांडले, माझ्या कागदाप्रमाणे.

जहाज बसलं. एका बाजूला बोटभरही कललं नाही. पाणी उतरलं, खालचा चिखल धुतला, शेवाळ आणि शिंपले खरवडून काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी इंजिनिअर बाई खाली उतरल्या. जुने मुख्य इंजिनिअर निवृत्त झाले होते. बाई नव्या होत्या, हुशार होत्या, पण सुक्या गोदीतलं त्यांचं हे पहिलंच जहाज. टॉर्च घेऊन त्या तळाखालून इकडून तिकडे गेल्या आणि म्हणाल्या, इतका एकसारखा तळ आहे, कुठे डाग म्हणून नाही. त्यांनी फोटो काढले. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या सकाळी मी गोदीच्या काठावरून असा चालत होतो की जणू समुद्र माझ्या परवानगीनं मागे हटला होता. बायकोला फोन करून सांगितलं. म्हटलं, तुझ्या बाबांनाही सांग.

दोन दिवसांचं काम ओळंब्यानं दीड दिवसात उरकलं. ही त्याची जुनीच खोड. जेवणाच्या सुट्टीत तो परत आला, डबा हातात तसाच ठेवून खाली उतरला आणि वाकून जहाजाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मग सावकाश शिडी चढून वर आला. मी एकटाच होतो.

"साडूभाऊ, जुने चौकोन दिसले का तुम्हाला?"

"कसले चौकोन?"

"मागच्या वेळी ठोकळ्यांखाली राहिलेले. रंग नाही लागला ते. पंचेचाळीस असायला हवेत. एकही नाही."

आधी मला राग आला, की आल्या आल्या याला खोट काढायची आहे. मग त्याचं बोलणं डोक्यात शिरलं. तळ स्वच्छ दिसत होता, कारण जुने पंचेचाळीस चौकोन आमच्याच पंचेचाळीस ठोकळ्यांच्या माथ्यावर होते. जहाज पुन्हा त्याच जागी बसलं होतं. ज्याची सकाळपासून वाहवा चालली होती, तीच चूक होती.

तरी मी म्हणालो, अहवालात पहिली मांडणी आहे. तो म्हणाला, तेव्हा गोदीच्या तळाला एका बाजूला डागडुजी चालली होती, तिथे ठोकळे ठेवता येईनात, म्हणून आपण आयत्या वेळी दुसरी घेतली. मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यानं त्याची वही काढली. तारीख होती, मांडणी होती, आणि पुढे त्याच्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, साडूभाऊंना सांगितले.

सांगितलं होतं. मला आठवलं. अहवाल टाइप होऊन तयार होता. बदल करायचा तर 'ठोकळेवाल्याच्या सूचनेवरून' असं एक वाक्य घालावं लागणार होतं, आणि माझ्या अहवालात त्याच्या सूचनेला जागा द्यायला माझा हात धजावला नव्हता. नंतर बघू म्हणालो आणि बघितलंच नाही.

आता कळवायचं म्हणजे गोदीत पुन्हा पाणी भरायचं, जहाज तरंगवून बाहेर काढायचं, ठोकळे हलवायचे आणि परत बसवायचं. दोन दिवस जाणार, दंड होणार, आणि जबाबदार माणूस म्हणून अहवालात माझं नाव येणार. न कळवायचं म्हणजे तीन वाजता रंगाला सुरुवात होणार, आणि मग कोणाला काही कळणार नव्हतं. त्या दोन्हींच्या मध्ये फक्त ओळंबा होता.

"तू बाईंना सांगणार आहेस का?" मी विचारलं.

"मी कशाला? तुम्ही सांगाल."

एवढं बोलून तो डबा खायला गेला. धमकी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. तो तिकडे पिंपावर बसून शांतपणे जेवत होता आणि मी खोलीत येरझारा घालत होतो. मी स्वतःला सांगून पाहिलं की आणखी तीन वर्षांत लोखंडाला काय होतंय. मग चाळीस खलाशी डोळ्यांपुढे यायचे. मग पुन्हा ओळंब्याचं ते जेवणं दिसायचं, आणि खलाशी जाऊन नुसता जळफळाट उरायचा.

तीनला दहा कमी असताना मी बाईंपाशी गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "मॅडम, रंग थांबवा. मला एक शंका आलीय."

'मला' हा शब्द मी आधी ठरवला नव्हता. तो आला आणि मग त्याच्यामागे सगळं आपोआप आलं. तळ फारच एकसारखा दिसला म्हणून मी वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जुने चौकोन कुठेच दिसले नाहीत. बाईंनी विचारलं, मग अहवालात चूक कशी? मी म्हणालो, "मांडणी बदलल्याचं ठोकळेवाल्यानं कळवलं नसावं."

जहाज तरंगवलं. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ठोकळे ओळंब्यानं हलवले, भर उन्हात, स्वतः प्रत्येकाला गोळी लावून. पाणी पुन्हा उतरलं तेव्हा तळावर पंचेचाळीस काळपट, खडबडीत चौकोन उघडे पडले. सतराव्या चौकोनावर पत्र्याची जाडी मोजणाऱ्यानं यंत्र टेकवलं, पुसलं आणि पुन्हा टेकवलं. दहा मिलिमीटरचा पत्रा तीनवर आला होता.  भर समुद्रात तो पत्रा कधी ना कधी फुटलाच असता.

महिन्याभरानं सरकारी पत्र आलं. चूक लक्षात येताच नुकसान सोसून ती स्वतःहून उघड केल्याबद्दल माझं कौतुक होतं, नावानिशी. मालकांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्याच पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की ठोकळे मांडणाऱ्यास यापुढे बदल लेखी कळवण्याची समज द्यावी. ती समज मीच टाइप केली. ओळंब्यानं वाचली, सही केली आणि विचारलं, एक प्रत मला ठेवायची असते का? मी म्हणालो, नाही. वहीचं नाव त्यानं काढलं नाही. मीही मूग गिळून गप्प बसलो.

पत्राला मी काच लावून घेतली आणि ते बाहेरच्या खोलीत टांगलं. सासऱ्यांच्या घरी मी ती गोष्ट सांगू लागलो. पाहुणे असले की सांगायचो, नसले तरी विषय काढायचो. दर वेळी मी जहाजाखालून थोडा जास्त वाकून जायचो. चौकोन नसल्याचं मला थोडं लवकर कळायचं. सगळे शांतपणे ऐकायचे. सासू बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवायची. मला वाटायचं, आता कुठे थोरल्या जावयाला थोरल्या जावयाचा मान मिळू लागला. हा शेजारीच बसलेला असायचा, चहाचा कप गुडघ्यावर ठेवून. एकदा एका पाहुण्यानं त्याला विचारलं, तुम्ही तेव्हा कुठे होता? तो म्हणाला, वखारीत, लाकूड निवडत होतो. त्यातही काही खोटं नव्हतं, हे मला घरी आल्यावर जास्त बोचलं.

अशी तीन वर्षं गेली. परवा बाईंचं पत्र आलं. इतर गोद्यांमधल्या माणसांना ठोकळे मांडायला शिकवण्यासाठी सरकारनं पाच दिवसांचा वर्ग काढला आहे, आणि शिकवायला बोलावलं आहे ओळंब्याला. मी पेटलो. जेवण होईपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग सुरू झालो. म्हटलं, चौकोन ओळखले मी, पत्र आलं मला, आणि शिकवायला हा. ज्याला साधी नोंद कळवता येत नाही तो सरकारला काय शिकवणार?

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "चौकोन त्यांनी ओळखले," ती म्हणाली.

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, समज मिळाली त्या दिवशी धाकटीचा फोन आला होता. ती चिडली होती, वही घेऊन मालकांकडे जायला निघाली होती. ओळंब्यानंच तिला जाऊ दिलं नाही.

"आणि बाबांना?"

"सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यापासून."

माझ्या डोळ्यांपुढे ती बिस्किटं आली, ती शांतपणे ऐकणारी तोंडं आली. किती वेळा सांगितली असेल मी ती गोष्ट? पंधरा? वीस?  मी म्हणालो, मग तुम्ही सगळे तीन वर्षं माझी मजा बघत होता.

"मजा कसली? त्यांनीच बाबांना सांगितलं होतं, कोणी विषय काढू नका म्हणून. म्हणाले, साडूभाऊ स्वतःच सांगतील एक दिवस. दर वेळी तुम्ही गोष्ट सुरू केलीत की ते कप ठेवून ऐकत बसायचे. मला वाटतं, आज सांगाल असं त्यांना प्रत्येक वेळी वाटायचं."

 मी विचारलं, आणि तू? तूही वाटच बघत होतीस?

"मी नाही," तिनं माझा शर्ट घडी करून बाजूला ठेवला. "मला माहीत होतं, तुम्ही सांगणार नाही."

इतक्या माणसांत माझ्यावर भरवसा ठेवणारा एकच निघाला, आणि तोही तोच.